कारेलीबागेतल्या धाब्यावरचा पांढरा लेप: दोन उन्हाळ्यांनंतर

मार्च २०२४ मध्ये आमच्या कारेलीबागेतल्या घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, ऊन परतवणारा पांढरा लेप लावून घेतला. लावल्या लावल्या त्याच्याबद्दल लिहायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी कुठलाही पांढरा रंग छानच दिसतो. आता त्याच्यावरून दोन उन्हाळे, विश्वामित्री नदीचा पूर आणि एक उत्तराण (आमच्याकडची पतंगांची संक्रांत) गेली आहे, म्हणून लिहायला बसले.

मी मूळची बडोद्याचीच. इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढची एकोणतीस वर्षं बंगळूरुला उपग्रहांवर लावायच्या लेपांचं काम केलं. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या घरात राहायला आलो, तेव्हा वरच्या मजल्यावरची खोली मे महिन्यात दुपारी बारा ते रात्री बारा बंदच ठेवावी लागायची. छताला हात लावला तर आतूनसुद्धा तापलेल्या तव्याशेजारी हात धरल्यासारखं वाटायचं. यांनी एसी घेऊ म्हटलं. मी म्हटलं, आयुष्यभर ज्याचं काम केलं ते आधी स्वतःच्या डोक्यावर लावून बघू.

लेप विकत घेताना लोक एकच प्रश्न विचारतात: ऊन किती परतवतो? तो अर्धाच प्रश्न आहे. लेपाला दोन कामं असतात. ऊन कमीत कमी आत घ्यायचं हे एक, आणि जी उष्णता आत शिरली ती किरणांच्या रूपात पटापट बाहेर टाकायची हे दुसरं. अंतराळात हवाच नसल्यामुळे वारा लागून काही थंड होत नाही, म्हणून तिथे या दोन कामांवरच सगळं ठरतं. पृथ्वीजवळच्या अंतराळात दर चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊन पडतं. तिथे एक सपाट पत्रा सूर्याकडे तोंड करून धरला आणि त्याची पाठ उष्णता जाणार नाही अशी झाकली, तर काळा रंग दिलेला पत्रा १२० अंशांपर्यंत तापतो. तोच पत्रा झेड-९३ नावाच्या पांढऱ्या लेपाचा असेल तर शून्याच्या खाली सतरा-अठरा अंशांवर थांबतो. आणि घासून लख्ख केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा? तो काळ्याहूनही जास्त तापतो, दीडशेच्या पुढे सहज जातो. ऊन तो फार घेत नाही, पण घेतलेलं सोडायचं त्याला जमत नाही. चकाकणाऱ्या वस्तूबद्दल आपल्या मनात जो भरवसा असतो, तो इथे पार उलटा ठरतो.

हे मला रावपुऱ्यातल्या एका दुकानात फार जवळून बघायला मिळालं. दुकानदारांनी फुटपाथवर दोन पत्रे उन्हात मांडले होते, एक पांढऱ्या लेपाचा आणि एक चांदी रंगाचा. हातात पिस्तुलासारखा थर्मामीटर. चांदी रंगावर रोखून ते म्हणाले, "जुओ बेन, छेताळीस ज बतावे छे!" पांढऱ्यावर रोखलं तर सत्तेचाळीस. चांदी रंग स्वस्त, वर एका अंशाने थंड, मग पांढरा कोण घेणार? मी दोन्हींवर हात टेकवला. पांढऱ्यावर तळवा टेकवून उभी राहू शकले, चांदीवरून तो लगेच उचलावा लागला.

दुकानदार खोटं बोलत नव्हते. तो थर्मामीटर वस्तूतून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण मोजतो आणि प्रत्येक वस्तू ते भरपूर सोडते असं धरून चालतो. चांदी रंग किरण सोडतोच कमी, त्यामुळे यंत्राला तो थंड वाटतो. पर्समध्ये जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी होती. तिचा बोटभर तुकडा चांदीच्या पत्र्यावर दाबून बसवला, तीन-चार मिनिटं थांबले आणि यंत्र बरोबर पट्टीवर धरायला सांगितलं. सत्तावन्न. पट्टीच्या शेजारी पुन्हा सेहेचाळीस. पांढऱ्या पत्र्यावरही तसाच तुकडा लावला, तिथे पट्टीवर आणि पट्टीबाहेर सारखाच आकडा आला. दुकानदारांनी तीनदा करून बघितलं आणि पट्टीचं रीळ कुठे मिळतं ते विचारून घेतलं. तुम्हाला कोणी यंत्र दाखवून लेप विकत असेल, तर एवढी एक पट्टी खिशात घेऊन जा. मोकळ्या धाब्यावर तर चांदी रंग यंत्राला आणखीच फसवतो, कारण त्याच्यात थंड आकाशाचं प्रतिबिंब पडतं.

मी घेतलेल्या लेपाचं नाव देत नाही. एक तर पुढे जी मुख्य तक्रार लिहिणार आहे ती लेप लावण्याच्या कामाची आहे, आणि दुसरं, अशा बादल्या बाजारात डझनभर नावांनी मिळतात, आत बहुतेक एकच गोष्ट असते: ॲक्रिलिकच्या चिकात घोटलेली टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड. बादलीवर एसआरआय नावाचा आकडा शोधा, ऊन परतवणं आणि उष्णता सोडणं ही दोन्ही कामं मिळून लेप किती चांगला ते तो सांगतो. या मोजपट्टीवर शून्य म्हणजे ठरावीक काळा पृष्ठभाग आणि शंभर म्हणजे ८० टक्के ऊन परतवणारा, ९० टक्के उष्णता सोडणारा पांढरा. म्हणून १०५ किंवा १०७ लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, चांगला पांढरा लेप शंभराच्या वर जाऊ शकतो. माझ्या बादलीवर १०७ होतं. मला हवा होता तो तीन वर्षं उन्हापावसात ठेवल्यानंतरचा आकडा, कारण मला धाब्यावर राहायचं आहे ते तिसऱ्या वर्षीसुद्धा. तो बादलीवर नव्हता. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर दोनदा विचारलं, दोनदा "सर्व्हे करायला माणूस पाठवतो" असं उत्तर मिळालं. ही मला मोठी उणीव वाटते.

आता लावण्याचं काम. धाबं साधारण ९०० चौरस फूट, २० लिटरच्या दोन बादल्या, खाली प्रायमर, वर दोन हात. मजुरी धरून बाविसेक हजार रुपये झाले. ठेकेदाराने तीन माणसं पाठवली. मुलं मेहनती होती, त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण त्यांना धाबं धुवायला अर्धाच दिवस दिला होता आणि लगेच दुपारी प्रायमर मारायचं होतं. मी म्हटलं, "बाबांनो, आज नको. कोपऱ्यात ओल आहे, उद्या मारा." मुकादम म्हणाला, "मावशी, ऊन कडक आहे, तासात सुकेल." मी अडून बसले आणि तीन बाजूंना एक दिवस थांबले. टाकीच्या मागचा कोपरा मात्र मी खाली चहा करायला गेले तेवढ्यात त्यांनी उरकून टाकला.

जुलैमध्ये नेमक्या त्याच कोपऱ्यात लेपाला फोड आले, पुरीसारखे फुगलेले. एक फोड कापून उलटा केला तर लेपाच्या पोटाला करड्या धुळीचा थर पीठ लावावं तसा चिकटलेला होता. लेप धुळीला घट्ट धरून होता, धूळ काँक्रीटला धरून नव्हती. ठेकेदार चार फोननंतर आला, तेवढा कोपरा खरवडून त्याने पुन्हा केला. आमच्या कामात एक नमुना रंगवायचा तर आधी घासणं, मग द्रावकाने पुसणं, हातमोजे, आणि रंग लावेपर्यंत त्याला कुणी उघड्या बोटाने शिवायचं नाही. झेड-९३ तर इतका सच्छिद्र की बोटाचं तेल लागलं तरी डाग आत जातो आणि निघत नाही. घरच्या धाब्यावर एवढं सोवळं नको. पण लेपाच्या टिकण्याचा निम्मा निकाल बादली उघडण्याच्या आधी लागलेला असतो, आणि ठेकेदार पैसे वाचवतात ते बरोबर तिथेच. धुण्याचा दिवस आणि वाळण्याचा दिवस वेगळा लिहून घ्या.

लेप लावताना मी मुलांकडून एक काम जास्तीचं करून घेतलं. घरात खरखरीत सिमेंटच्या फरशा पडल्या होत्या. त्यातल्या तिघींवर त्याच दिवशी, त्याच बादलीतून, त्याच ब्रशने दोन हात मारून घेतले. प्रयोगशाळेत प्रत्येक रंगकामाबरोबर असे साक्षी तुकडे ठेवायचे, पुढे शंका आली तर बघायला. एक फरशी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. दुसरी धाब्यावर ठेवली आणि धाब्याबरोबर धूत गेले. तिसरी टाकीशेजारी ठेवली, तिला पाण्याचा हात लावला नाही.

पहिल्या उन्हाळ्याचे आकडे मनासारखे होते. मे महिन्यात दुपारी अडीचला हवा ४२ अंश, शेजाऱ्यांचं उघडं काँक्रीट ६१, आमचं धाबं ४५. वरच्या खोलीत छताची आतली बाजू आधी ४० च्या वर असायची ती ३६ वर आली. खोलीत पंख्याखाली दुपारी पुस्तक घेऊन बसता यायला लागलं आणि रात्री नऊला झोपायला जाता यायला लागलं, हा माझ्या दृष्टीने खरा फायदा. एसी अजून घेतलेला नाही. मात्र जूनमध्ये हवा दमट झाली की लेपाचा गुण थोडा उतरतो. कोरड्या हवेत धाब्याची उष्णता रात्री सरळ आकाशात निघून जाते, ओलसर हवा ती मधेच अडवते. घामाचा उपाय लेपाकडे नाही.

मग पावसाळा. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा खालच्या मजल्यांवरची चार घरं आमच्या धाब्यावर होती. गाद्या, स्टोव्ह, एक शिलाई मशीन, दोन कुत्री. पाणी उतरल्यावर धाबं गाळाने मळून गेलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, धाबं त्यासाठीच असतं. पण वाळलेला गाळ मऊ झाडू आणि पाण्याने निघाला, खाली लेप शाबूत निघाला, हे नोंदवायला हवं. तारेच्या ब्रशने घासू नका.

उत्तराणीने मात्र पुरापेक्षा जास्त खुणा ठेवल्या. भाचे, त्यांचे मित्र, पंचवीसेक पोरं दोन दिवस धाब्यावर. चिक्कीचे तुकडे पायाखाली चिकटले, फिरकी ठेवल्याचे गुलाबी वर्तुळाकार डाग पडले आणि उंधियूचं पातेलं टेकवलं होतं तिथे तेल उतरलं. इतर डाग साबणाने फिकट झाले. तेलाचा डाग आजही आहे, पिवळट, ताटाएवढा. एप्रिलमध्ये मोजलं तर शेजारच्या पांढऱ्यापेक्षा तो चार अंशांनी गरम होता. पुढच्या वेळी पातेल्याखाली चटई टाकणार.

या सगळ्यात मला सारखी एका जुन्या प्रयोगाची आठवण येत होती. एप्रिल १९८४ मध्ये अमेरिकेने एलडीईएफ नावाचं बसएवढं एक नळकांडं अंतराळात सोडलं, त्याच्या अंगभर नाना प्रकारचे नमुने लावून. साधारण वर्षाने ते परत आणायचं होतं. मधे चॅलेंजरचा अपघात झाला आणि ते आणलं गेलं थेट जानेवारी १९९० मध्ये. त्याचं एक तोंड कायम पुढे आणि एक कायम मागे असायचं. त्याच्यावर पॉलियुरेथेनमधला एक साधा पांढरा रंग होता. मागच्या बाजूला तो सूर्याच्या अतिनील किरणांनी तपकिरी झाला. पुढच्या बाजूला मात्र पांढराच राहिला, कारण त्या उंचीवर ऑक्सिजनचे सुटे अणू असतात आणि सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या पृष्ठभागावर ते आदळून वरचा करपलेला चिक खाऊन टाकत होते. म्हणजे तो पांढरा दिसत होता, पण झिजत झिजत. झेड-९३ चे नमुने दोन्ही संकटांत जवळजवळ होते तसेच राहिले. त्यात चिकाच्या जागी पोटॅशियम सिलिकेट असतं, म्हणजे एक प्रकारची काचच, आणि त्यात झिंक ऑक्साइड. अंतराळ स्थानकाच्या उष्णता सोडणाऱ्या मोठ्या पंखांवर तोच लेप आहे.

आमच्या धाब्यावर तीच गोष्ट लहान प्रमाणात झाली. जिथे पाऊस सरळ पडतो तिथे लेप धुऊन निघतो आणि पांढरा राहतो. टाकीच्या आडोशाला, जिथे पाऊस पोचत नाही पण ओल पोचते, तिथे शेवाळाने काळपट झाला. आणि धुऊन निघण्याचीही किंमत आहेच: दुसऱ्या उन्हाळ्यात काळा रुमाल धाब्यावर दाबून फिरवला तर रुमालावर पांढरी पूड आली. ऊन टायटॅनियम डायऑक्साइडवर पडलं की तो आजूबाजूचा चिक हळूहळू खातो, ती ही पूड. थोडी असेल तर काळजी नाही. रुमाल पांढराफटक झाला तर नवा हात द्यायची वेळ आली समजा.

कोणी विचारेल, मग धाब्यावरही झेड-९३ सारखंच का लावत नाहीत? तो ठिसूळ असतो. आपलं काँक्रीट दिवसा ताणतं, रात्री आकसतं, त्याबरोबर ताणला जाणारा लेपच इथे हवा. शिवाय त्याच्यावर पाय ठेवणं म्हणजे तो खराब करणं. प्रत्येक जागेचा लेप वेगळा. २०२० मध्ये युरोपने सूर्याकडे पाठवलेल्या सोलर ऑर्बिटरच्या ढालीवर तर चक्क काळा लेप आहे, हाडं जाळून केलेल्या कोळशाचा. काळा जास्त तापतो हे करणाऱ्यांना माहीत होतं. पण पांढरा सूर्याच्या इतक्या जवळ हळूहळू काळवंडत गेला असता आणि तापमानाचा सगळा हिशेब रोज बदलला असता. हा काळा जसा निघाला तसाच राहतो. मला तो निर्णय फार आवडतो.

आमच्या धाब्याचा पुढचा भाग मी रंगवलाच नाही, तिथे वडिलांनी १९७८ साली बसवलेलं चायना मोझॅक आहे. बडोद्यात जुन्या घरांना ते घरोघर दिसेल, फुटक्या पांढऱ्या चकचकीत टाइल्सचे तुकडे. लोक ते जुनाट म्हणून उखडतात आणि वर लेप मारतात. कृपा करून तसं करू नका. मी धुऊन मोजलं तर ते ४७ निघालं, नव्या लेपापेक्षा दोनच अंशांनी जास्त, तेही सेहेचाळीस वर्षांनंतर. खाली पांढरं, वर काचेचा थर: ऊन खालून परततं, उष्णता काच सोडते. उपग्रहांवर सर्वांत भरवशाचं आवरण असंच असतं, पातळ क्वार्ट्झ काचेचे छोटे चौकोन, पाठीला चांदी. ते दहातला एक हिस्साही ऊन घेत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतात. घरचं मोझॅक फुटलं असेल, गळत असेल तर सांधे भरून घ्या, पण ते काढू नका.

दोन त्रास सांगायला हवेत. समोरच्या भाभींच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दुपारी आमच्या धाब्याची तिरीप जाते, त्यांना जाड पडदा लावावा लागला. तो मी शिवून दिला. तुमच्या समोर उंच घर असेल तर आधी बोलून घ्या. आणि जानेवारीत वरची खोली पूर्वीपेक्षा गार लागते, एक गोधडी जास्त लागते. बडोद्याची थंडी किती दिवसांची, म्हणून मला हे चालतं.

आता फरशांचं. या मे महिन्यात तिन्ही फरशा थर्माकोलच्या तक्त्यावर उन्हात अर्धा तास ठेवल्या, जोडीला एक कोरी सिमेंटची. हवा ४१. कपाटातली ४४, धुतलेली ४६, न धुतलेली ५१, कोरी ६०. धुतलेल्या आणि न धुतलेल्या फरशीत पाच अंशांचा फरक, आणि त्याची किंमत वर्षातून तीनदा दोन बादल्या पाणी आणि एक मऊ झाडू: होळीनंतर, मेच्या मध्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत. ठेकेदार दर दोन वर्षांनी नवा हात सुचवत होता. माझ्या धाब्याला तो अजून तरी नको आहे.

लेपाला मी पाचपैकी चार देईन, लावण्याच्या कामाला दोन. तिसरी फरशी पुन्हा टाकीशेजारी ठेवली आहे, पुढच्या मार्चमध्ये तीन वर्षं... नाही, दोनच होतील. तिसऱ्या वर्षाचा आकडा २०२७ च्या मार्चमध्ये इथेच लिहीन, कंपनीने बादलीवर छापला नसला तरी.